रक्तातला रोग आणि रक्ताबाहेरची कारणे

१९८३ च्या मार्च महिन्यात परळच्या गिरण्यांची धुराडी थंड होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाला चौदा महिने लोटले होते. गिरणगावातील चाळींतून भांडीकुंडी विकली जात होती, कामगार कोकणात आणि घाटावर परतत होते, आणि गिरण्यांतील कापडाचे काम हळूहळू भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होते. त्याच परळात, त्याच महिन्यात, टाटा स्मारक रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या शिरेत तिच्या भावाची अस्थिमज्जा सोडण्यात आली. भारतातील अस्थिमज्जा रोपणाचा यशस्वी प्रारंभ तो हाच. तो घडवून आणणारे डॉक्टर सुरेश अडवाणी बालपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरला खिळलेले होते.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या वेळी कोणाला वाटले नसेल. एक कामगार चळवळीच्या इतिहासातील, दुसरी वैद्यकाच्या. पण परळहून भिवंडीला गेलेला माग आणि परळच्या रुग्णालयात उजळलेला दिवा, या दोहोंमधील अंतर पन्नास किलोमीटरांहूनही कमी असताना ते अजून का तुटत नाही, हा प्रश्न आज विचारणे भाग आहे. त्याचे उत्तर शोधताना रक्ताचा कर्करोग मुळात कसा घडतो, याविषयी गेल्या सत्तर वर्षांत जे कळले ते नीट पाहावे लागते. कारण हा रोग रक्तात दिसत असला तरी त्याची सगळी कारणे रक्तात नसतात.

डॉ. अडवाणी यांची कारकीर्द या दृष्टीने बोलकी आहे. १९४७ साली कराचीत जन्मलेला, फाळणीनंतर मुंबईत आलेल्या सिंधी कुटुंबातील हा मुलगा आठव्या वर्षी पोलिओने पायांतून गेला. रुग्णालयातील मुक्कामातच त्याने डॉक्टर होण्याचे ठरवले. व्हीलचेअरवरील विद्यार्थ्याला वैद्यकीय शिक्षण झेपणार नाही, असे म्हणून आरंभी त्याला प्रवेश नाकारण्यात आला. पाठपुरावा करून त्याने तो मिळवला. पुढे अमेरिकेत सिएटल येथे डॉ. डोनाल थॉमस यांच्या केंद्रात त्यांनी अस्थिमज्जा रोपणाचे शिक्षण घेतले. याच कार्यासाठी थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अडवाणी यांना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. व्यक्तीच्या जिद्दीची ही कथा शालेय पुस्तकांना शोभेल अशी आहे, आणि बहुतेक गौरवलेख तेथेच थांबतात. परंतु या कारकिर्दीचे सामाजिक मोल रोपणाच्या विक्रमात जेवढे आहे, त्याहून अधिक एका कमी गाजलेल्या कामात आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेली शंभरांपैकी साठ-सत्तर मुले जगत होती. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग तो हाच. भारतातील मोठ्या केंद्रांत मात्र वीसही जगत नव्हती. औषधे तीच, पुस्तके तीच, रोगाचे नावही तेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयन मॅग्रथ यांच्या सहकार्याने मुंबईचे टाटा रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या तीन ठिकाणी १९८४ ते १९९० या काळात एकच उपचारपद्धती क्रमाक्रमाने लागू करण्यात आली. एमसीपी-८४१ असे तिचे रुक्ष नाव. भारतीय रुग्णालयाला पेलेल अशा बेताने औषधांचा क्रम ठरवलेला, आणि तिन्ही ठिकाणी एकाच रीतीने नोंद ठेवलेली. पंचवीस वर्षांखालील १,०४८ रुग्णांवर हा उपचार झाला. पूर्वी वीस टक्क्यांच्या आत असलेले जगण्याचे प्रमाण दुपटीहून वर गेले.

हे यश कोणत्याही नव्या औषधाचे नव्हते. ते शिस्तीचे, नोंदीचे आणि सार्वजनिक संस्थांनी एकमेकींना धरून चालण्याचे होते. तरीही पाश्चात्य आकड्यांपर्यंत ते पोहोचले नाही, आणि का पोहोचले नाही याची कारणेही त्या नोंदींतूनच पुढे आली. मुले रुग्णालयात येत तेव्हा रोग फार पसरलेला असे. अंगात मांस नसे, त्यामुळे औषधांचा मारा सोसत नसे. जंतुसंसर्ग होई आणि कर्करोगाऐवजी उपचारातच मूल दगावे. काहीजण ताप उतरला, रंग परतला, की गावी निघून जात. दोन वर्षे चालणारा उपचार अर्धवट राही. बापाची मजुरी बुडत होती, परळच्या पदपथावर राहायचे किती दिवस? एकाच औषधाने शिकागोत मूल वाचते आणि मुंबईत मरते, तेव्हा रोगाचे निदान केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पुरे होत नाही, हे या कामाने दाखवून दिले.

याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती रोग कसा उद्भवतो या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. पाश्चात्य देशांत या ल्युकेमियाच्या मुलांपैकी साधारण पंधरा टक्क्यांत रोग टी-पेशींतून निघालेला असतो. बाकीच्यांत तो बी-पेशींच्या पूर्वज पेशींतून निघतो. भारतातील काही केंद्रांत टी-पेशींच्या रोगाचे प्रमाण त्याच्या दुपटीहून अधिक आढळले. समाजाची आर्थिक स्थिती बदलते तसा या रोगाचा चेहराही बदलतो, असा तर्क त्यावरून मांडला गेला. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्हज यांनी याच दिशेने पुढे मोठे काम केले. जुळ्या मुलांच्या अभ्यासातून असे दिसले की, बी-पेशींच्या ल्युकेमियातील पहिला बिघाड पुष्कळदा आईच्या उदरातच घडतो. पण तो बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांना पुढे रोग होतो. दुसरा आघात जन्मानंतर होतो, आणि लहानपणी जंतूंशी ओळख केव्हा व कशी झाली यावर तो अवलंबून असतो, असे ग्रीव्हज यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे पहिला धागा निसर्ग विणतो. दुसरा धागा घर, वस्ती आणि राहणीमान यांच्या मागावर विणला जातो.

पेशीच्या आत काय घडते, हेही माणसाने पाहिले आहे. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी दाखवले की, हे गुणसूत्र आखूड झालेले नसून नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. चार मुलांची ही आई गुणसूत्रांची छायाचित्रे कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवीत असे. या अदलाबदलीतून एक नवा जनुक तयार होतो आणि तो पेशीला अखंड वाढत राहण्याचा हुकूम देतो. तो हुकूम रोखणारे औषध, इमॅटिनिब, २००१ साली बाजारात आले. काही वर्षांत मृत्यूकडे नेणारा रोग रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला.

पण गोळी निघाली आणि तिच्याभोवती कुंपण पडले. भारतात या औषधाची महिन्याची किंमत सुमारे एक लाख वीस हजार रुपये होती. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देत होत्या. पेटंटच्या या दाव्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईतील कर्करोगग्रस्तांसाठी काम करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. जुन्या औषधाला किरकोळ नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवता येणार नाही, असे सांगणारे पेटंट कायद्यातील कलम ३(ड) त्या निकालाचा आधार ठरले. हे कलम २००५ मध्ये संसदेत डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे कायद्यात कणखर झाले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. विज्ञानाचा शोध गरिबाच्या घरापर्यंत आपोआप चालत जात नाही. त्याला कायद्याची आणि चळवळीची पावले लागतात.

येथवर प्रश्न उपचाराचा होता. त्याहून अवघड प्रश्न रोग होऊच नये याचा आहे, आणि तेथे इस्तंबूलच्या एका वैद्याचे स्मरण करावे लागते. डॉ. मुझफ्फर अक्सॉय हे रक्तरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे चपला-बूट बनविणारे कारागीर येऊ लागले: चेहरा पांढराफटक, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. अक्सॉय यांनी रक्त तपासले, तसा धंदाही विचारला. हे कारागीर कोंदट, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत चामडे चिकटवीत, आणि त्या गोंदात बेंझिन हे स्वस्त द्रावक असे. १९७४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा सव्वीस कामगारांची नोंद आहे. सुमारे अठ्ठावीस हजार पाचशे पादत्राण कामगारांत ल्युकेमियाचे वार्षिक प्रमाण लाखात तेरा भरले. सर्वसाधारण लोकांत ते लाखात सहा होते. बेंझिनचा वापर थांबत गेला तसे नवे रुग्णही घटत गेले.

बेंझिन शरीरात कसे काम करते, हेही आता गूढ राहिलेले नाही. श्वासावाटे गेलेल्या बेंझिनचे यकृतात रूपांतर होते, त्यातून निघालेली द्रव्ये अस्थिमज्जेत पोहोचतात आणि रक्त घडविणाऱ्या मूळ पेशींची गुणसूत्रे तोडतात. आधी मज्जा सुकते. काहींच्या बाबतीत पुढे ल्युकेमिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पहिल्या वर्गात टाकले आहे. तरीही अमेरिकेत हवेतील बेंझिनची मर्यादा दशलक्षात दहा भागांवरून एक भागावर आणण्याचा सरकारी नियम पेट्रोलियम उद्योगाने न्यायालयात अडविला आणि १९८० मध्ये तो रद्द झाला. तीच मर्यादा पुन्हा लागू व्हायला १९८७ साल उजाडले. मधल्या सात वर्षांत ज्यांनी तो वायू छातीत घेतला, त्यांची गणती न्यायालयाच्या निकालपत्रात नव्हती.

धंदा आणि सवयी विचारणारी ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, तेव्हा त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी हाच मार्ग धरला होता. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाचा कर्करोग, धोतराची गाठ कमरेला सतत घासून होणारा त्वचेचा कर्करोग यांचा शोध त्यांनी भारतीय माणसाच्या रोजच्या जगण्यात घेतला. १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईतच सुरू झाली. ज्ञान, माणसे आणि संस्था यांचा एवढा वारसा ज्या शहरापाशी आहे, त्याच्या वेशीवर भिवंडी वसलेली आहे.

भिवंडीचे आजचे रूप दुहेरी आहे. गावात यंत्रमागांचे कारखाने, सायझिंग आणि रंगाई. गावाबाहेर राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर, माणकोलीच्या शिवारांत मैलोन्‌मैल गोदामे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला मजूर बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभा राहतो आणि मीटरवर मजुरी घेतो. कापसाच्या धुळीने त्याचे फुप्फुस झिजते. रक्ताच्या कर्करोगाचा दोष मात्र त्या धुळीच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. प्रश्न धुळीचा नसून द्रावकांचा आहे: छपाईचे रंग, गोंद, थिनर, आणि रसायनांच्या गोदामांत हमालाच्या पाठीवरून जाणारी पिंपे. त्या गोदामांना वारंवार लागणाऱ्या आगी साऱ्या मुलखाने पाहिल्या आहेत. आग दिसते, म्हणून बंब येतो. झाकणाच्या फटीतून येणारी वाफ दिसत नाही, म्हणून कोणीच येत नाही.

समजा, अशाच एखाद्या हमालाला ताप येऊ लागला. गल्लीतील दवाखान्यात त्याला आधी मलेरियाच्या, मग टायफॉइडच्या गोळ्या मिळतील. अशक्तपणा वाढला की सलाईन लागेल. त्यात महिना-दीड महिना जाईल. साध्या रक्ततपासणीत, काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या एका थेंबात, जे पहिल्या आठवड्यात दिसले असते, ते परळला पोहोचल्यावर दिसेल. तेथे त्याचे वय, धर्म, पत्ता, तंबाखूची सवय लिहिली जाईल. धंद्याच्या रकान्यात ‘मजूर’ एवढा एकच शब्द पडेल. कसला मजूर, कोणत्या पिंपांचा, किती वर्षांचा, हे अक्सॉय यांनी विचारले असते. तो प्रश्न विचारला गेला नाही, तर पेशीचा अभ्यास कितीही सूक्ष्म असला तरी कारण सुटून जाते, आणि कारणाबरोबर जबाबदार माणूसही सुटतो.

कायदे नाहीत असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७१ मध्ये बेंझिनविषयक करार केला आणि भारताने १९९१ मध्ये तो मान्य केला. १९४८ च्या कारखाने कायद्याने बेंझिनची विषबाधा सक्तीने कळविण्याच्या रोगांत घातली. २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. पण जेथे बारा मागांचा कारखाना तीन नावांवर वाटला जातो, जेथे हमाल ठेकेदाराचा आणि ठेकेदार कोणाचाच नसतो, तेथे कायदा उंबरठ्यापाशीच थबकतो. रोग कळवायचा तर तो आधी ओळखला पाहिजे. ओळखायचा तर डॉक्टरने धंदा विचारला पाहिजे. आणि धंदा सांगण्याची हिंमत व्हायची तर कामगारामागे संघटना उभी पाहिजे. या साखळीतील एक कडी तुटली की सर्व तुटते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला मालकांचा: तपासण्या आणि बंधने आली की धंदा गुजरातेत जाईल आणि मजुराची चूल विझेल. संपाच्या काळात गिरणगावाला हेच ऐकवले गेले होते, आणि कामगार नमला तरीही गिरण्या राहिल्या नाहीत. बेंझिनऐवजी कमी घातक द्रावके वापरून जगभर चपला शिवल्या जातात आणि रंग छापले जातात. त्याने कोणत्याही देशाचा उद्योग बुडालेला नाही. दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो: इतक्या दुर्मीळ रोगासाठी गरीब गावाने का झिजावे? याला उत्तर असे की, ज्या रक्ततपासणीने ल्युकेमिया सापडतो, तिनेच मलेरिया, पंडुरोग आणि बाळंतिणीच्या रक्तातील कमतरता सापडते. दुर्मीळ रोगासाठी केलेली चांगली सोय नेहमीच्या रोगांना हजारपट उपयोगी पडते.

आता पेशींनाच औषध बनविण्याचे नवे तंत्र आले आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात काही कोटींना पडणारा हा उपचार सुमारे दहापट स्वस्त, तीस-चाळीस लाखांत झाला, याचा अभिमान रास्तच आहे. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्याच्या हिशेबात कोटी आणि लाख यांच्यात फरक नसतो. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्णांच्या रक्तातून मिळालेले ज्ञान, कंपनीच्या किंमतपत्रिकेतून परत विकत घ्यावे लागत असेल, तर ‘लोकार्पण’ या शब्दातील लोक कोण, असे विचारावेच लागेल.

मागण्या आभाळाएवढ्या नाहीत. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात रक्ताची काचपट्टी वाचू शकणारा तज्ज्ञ रोज उपलब्ध असावा, आणि संशयित रुग्णाला परळ किंवा खारघरला नेण्याची व राहण्याची सोय सरकारने करावी. रुग्णाच्या कागदावर धंद्याचा सविस्तर रकाना सक्तीचा असावा आणि त्या नोंदी कामगार खात्याकडे जाव्यात. प्रत्येक पिंपावर आतील द्रावकाचे नाव मराठी, हिंदी आणि उर्दूत लिहिले जावे. गोदामांतील आणि छपाईखान्यांतील हवा मोजली जावी व तिचे आकडे कामगार संघटनांना मिळावेत. शिधापत्रिका गावी राहिली म्हणून परप्रांतीय मजुराच्या मुलाचा उपचार मध्येच थांबू नये.

यांतील एकही गोष्ट नोबेल पारितोषिकाच्या तोडीची नाही. एमसीपी-८४१ देखील तशी नव्हती. ती होती फक्त एकसारखी शिस्त, खरी नोंद आणि रुग्णाला मध्येच न सोडण्याचा निश्चय. तेवढ्याने तीन शहरांत शेकडो मुले वाचली. व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरणाऱ्या डॉक्टरला जे जमले, ते दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या सरकारला का जमू नये? राउली यांनी गुणसूत्रांचे तुकडे जेवणाच्या टेबलावर जुळवले. भिवंडीच्या हमालाचा ताप, त्याचे पिंप आणि परळचा कागद हे तीन तुकडे जुळवायला तेवढेही मोठे टेबल लागत नाही.